पान एकशे बारावरची चूक

गेल्या वर्षी आमच्या निगडीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने माझा सत्कार केला. ओळख करून देताना अध्यक्ष म्हणाले, "मॅडमनी आयुष्यभर कंपनीत इमाने इतबारे नोकरी केली आणि विरंगुळा म्हणून काही रहस्यकथाही लिहिल्या." शाल अंगावर पडायच्या आधीच मी माईक मागून घेतला. म्हटलं, "उलटं आहे, अध्यक्षमहाराज. मी आयुष्यभर रहस्यकथा लिहिल्या आणि पोटासाठी नोकरी केली." लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होती. तिथे हजेरी लागते. कोण कधी आत आलं, कोण कधी बाहेर गेलं, कोणाचं कार्ड कोणी पंच केलं, हे बघत मी तीस वर्षं काढली. माणूस खोटं बोलतो तेव्हा गरजेपेक्षा जास्त तपशील देतो, हे मला तिथे कळलं. "मॅडम, उशीर झाला" म्हणणारा बहुतेक खरा असतो. "मॅडम, कासारवाडीला रेल्वे फाटकाजवळ माझ्या मेव्हण्याच्या गाडीची चेन तुटली" म्हणणारा घरी झोपलेला असतो. या शिदोरीवर मी एकेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या आणि प्रत्येकीत निदान एक खून केला.

पुण्यातले एक समीक्षक मला एकदा चहाच्या वेळी बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुमच्या भाषेत ताकद आहे हो. ती खून-मारामारीत का वाया घालवता? काहीतरी गंभीर लिहा." मी विचारलं, "माणूस मरणं गंभीर नाही का?" ते बिस्कीट बुडवत राहिले. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलंय असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. आज देते.

आधी धंदा समजावून सांगते. रहस्यकथा शेवटाकडून लिहितात. खुनी कोण, त्याने कसं केलं आणि का केलं, हे मी पहिल्या दिवशी ठरवते. मग मागे मागे येत पहिल्या पानाशी पोचते. वाटेत पुरावा वाचकाच्या डोळ्यांदेखत ठेवायचा असतो, पण भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली ठेवलेल्या लिंबासारखा. आणि लबाडी करायची नाही. माझ्या नायिकेला जे दिसतं ते सगळं वाचकालाही दिसलं पाहिजे. शेवटच्या प्रकरणात परदेशातून जुळा भाऊ आणणाऱ्या लेखकाला मी लेखक मानत नाही.

माझी पुस्तकं चिंचवड गावठाणातले वाल्हेकर छापतात. त्यांचा मुख्य व्यवसाय कारखान्यांना लागणारी लेबलं, टॅग आणि तपासणीचे फॉर्म छापायचा. कादंबऱ्या ते हौसेने छापतात. स्वतः एकही वाचत नाहीत. "आमी छापतो, मॅडम. आमाला खुनी कळून काय करायचाय," असं म्हणतात. पुस्तकं विकली जातात ती बसथांब्यांवरच्या स्टॉलवर आणि चाकणच्या चौकात. हल्ली ती कोणीतरी वाचून रेकॉर्ड करतं, आणि कंपनीच्या बसमध्ये माणसं कानात घालून ऐकतात. चाकण रस्त्यावरची वाहतूक कोंडी हा माझ्या साहित्याचा सर्वात मोठा आश्रयदाता आहे.

हे कारखान्यातले वाचक फार वाईट. केसाइतक्या फरकाचा माल नापास करायची ज्यांना सवय, ते लेखिकेला काय सोडणार? एका कादंबरीत माझा खुनी भर दुपारी आकुर्डीहून लोणावळ्याची लोकल पकडून पळाला. आठवड्यात पत्र आलं, "त्या वेळेला लोणावळ्याला लोकलच नसते. तुमचा खुनी अजून आकुर्डी स्टेशनवर बाकावर बसला असेल. पोलिसांना कळवा." चिंचवडच्या एक आजी तर घरीच आल्या. खुन्याला मी नेमकं त्यांच्या जावयाचं नाव दिलं होतं. "जावई आहेच तसा," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

असा वाचक मिळाला की चूक करायची भीती वाटते. मी वेळापत्रकं तपासते, औषधवाल्याला विषांबद्दल विचारून विचारून हैराण करते. तरी व्हायची ती चूक झालीच.

दोन वर्षांपूर्वी मी चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये घडणारी कादंबरी लिहिली. हा प्रेस म्हणजे छापखाना नव्हे, पत्रा दाबून आकार देणारं यंत्र; आणि शॉप म्हणजे कारखान्यातला त्या यंत्रांचा विभाग. खाली एक साचा, वर एक साचा, मधे पत्रा. वरचा साचा धाडकन खाली येतो आणि गाडीचा कुठलातरी भाग तयार होतो. मधे हात राहिला तर त्याचीही पत्र्यासारखीच गत होते. माझ्या कादंबरीत एक ठेकेदार या यंत्रात मरतो. पान एकशे बारावर खुनी त्याला डाव्या हाताने साच्यात दाबून धरतो आणि उजव्या हाताने बटण दाबतो. प्रसंग लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन शिरा केला होता. खरं सांगायचं तर प्रेस मी लांबूनच पाहिलेला. टाइम ऑफिसातल्या बाईला शॉपमध्ये कोण जाऊ देतंय?

पंधरा दिवसांत माझी अब्रू गेली. पहिलं पत्र मोशीच्या अशोक साबळे यांचं. साबळे चाकणला एका कारखान्यात सेटर होते. सेटर म्हणजे यंत्रावर साचा बसवून ते चालू करून देणारा माणूस. त्यांनी लिहिलं होतं:

"मॅडम, आपली सर्व पुस्तके वाचली आहेत, पण पान ११२ वाचून हसू आले. प्रेसला बटणे दोन असतात. एक डाव्या हाताला, एक उजव्या हाताला. दोन्ही दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही. दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून ही सोय. आपल्या खुन्याने एका हाताने माणूस धरला आणि दोन हातांनी बटणे दाबली. म्हणजे खुन्याला हात तीन. असा माणूस गावात लगेच ओळखू येईल. डिटेक्टिव्हची गरज नाही."

मग रांगच लागली. वीस-पंचवीस जणांनी तेच कळवलं. कोणी तीन हातांच्या खुन्याचं चित्र काढून पाठवलं. मी साबळेंना माझ्या हाताने उत्तर लिहिलं, "आपले म्हणणे मान्य. एका हाताने प्रेस चालणे अशक्य आहे. दुसऱ्या आवृत्तीत चूक दुरुस्त करीन." चूक कबूल करण्यात आपला मोठेपणा दिसतो असं मला तेव्हा वाटत होतं. साबळेंनी ते उत्तर कौतुकाने आपल्या शॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

महिन्याभराने वाल्हेकरांचा फोन आला. "मॅडम, एक बाई आल्यात छापखान्यावर. पुस्तकाचं कायतरी हाय. मला सांगंनात. तुमालाच भेटायचं म्हनत्यात."

छाया तिचं नाव. पस्तिशीची, मूळची हिंगोलीकडची. नवऱ्याबरोबर चाकणजवळ खोली करून राहणारी, ठेकेदाराकडून प्रेसवर काम करणारी. मी पोचले तेव्हा कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये स्टुलावर बसली होती. उजवा हात ओढणीखाली.

"मॅडम, तुम्ही ते एकशे बारा नंबरचं पान खोडणार म्हणे?"

"हो. चूक आहे ना ती."

"चूक न्हाई ती," असं म्हणून तिने हात बाहेर काढला. दोन बोटं मुळापासून नव्हती आणि तिसरं अर्धं होतं.

मी खुर्ची ओढून बसले. छायाने सांगितलं ते असं. तिचा प्रेस जुना होता. नव्या यंत्रांना फसवता येत नाही, तिथे दोन्ही बटणं एकाच क्षणी दाबावी लागतात. जुन्याला फसवता येतं. एक बटण कायमचं दाबून ठेवायचं. मग एका हाताने पत्रा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने उरलेलं बटण. काम दुप्पट वेगाने होतं, टार्गेट पुरं होतं. "पत्र्याची बारकी पट्टी असती, मॅडम. वाकवून बटणाच्या कडंला खोचायची. वरून हातमोजा टाकायचा, म्हणजे कुणाला दिसत न्हाई. मी त्या मशीनवर आले तवापासून तसंच होतं. मला वाटलं असंच असतंय."

त्या दिवशी उजवा हात पत्रा सरळ करत होता आणि डाव्याने सवयीने बटण दाबलं. तिला दवाखान्यात नेईपर्यंत पट्टी आणि हातमोजा दोन्ही गायब झाले होते. कंपनीच्या अहवालात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. ठेकेदाराने तिचं काम थांबवलं. छायाने सरकारी कार्यालयात तक्रार केली आणि चौकशी सुरू झाली. दरम्यान ती दुसरीकडे काम मागायला गेली की विचारायचे, तीच का ती निष्काळजी बाई?

"मला ते एक वाक्य काढून पायजे," ती म्हणाली. "निष्काळजीपणाचं. दुसरं काय बी न्हाई. ते काढलं तर मला काम भेटंल."

"बरोबरच्या बायकांनी पट्टी पाहिली नाही?"

"सगळ्यांनी पाहिली. बोलायलंय कोण? सगळ्यांची पोटं हायत." मग तिने डाव्या हाताने फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यावर माझं अक्षर होतं. एका हाताने प्रेस चालणे अशक्य आहे, खाली माझी सही. "कंपनीच्या साहेबानं हे चौकशीत दाखवलं, मॅडम. लेखिकेनं पण लिहून दिलंय म्हणे, ही बाई खोटं बोलायली."

नोकरीत मी कधी कोणाची खोटी हजेरी लावली नाही. आणि इथे घरात बसून, चूक कबूल करायच्या ऐटीत, मी या बाईच्या विरुद्ध साक्ष देऊन मोकळी झाले होते. मला इतकी लाज वाटली की वाल्हेकरांनी पुढे केलेला चहा मी बाजूला सारला.

"माझं म्हणणं फक्त तुमच्या पुस्तकात छापलंय," छाया म्हणाली. "ते बी खोडलं तर मग मी खोटीच."

मी तिच्याकडून अहवालाची प्रत मागून घेतली. एक पान होतं. मशीन सुस्थितीत, दोन्ही बटणे कार्यरत, कामगाराने मशीन चालवताना उजवा हात आत घातला, निष्काळजीपणा. मी तीनदा वाचलं. दोन्ही बटणं दाबायला दोन्ही हात लागत असतील, तर हात आत गेला कसा? अपघाताच्या क्षणी या बाईलाही तीन हात होते की काय? माझ्या खुन्याला हसणाऱ्या पंचवीस जणांपैकी एकानेही हा अहवाल वाचला नव्हता. किंवा वाचला होता आणि गप्प होते. दुसरं बटण दाबून ठेवतात हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत असणार. पण पत्र लिहायला बसल्यावर प्रत्येकाने भिंतीवरच्या सुरक्षा फलकावर लिहिलेलं तेवढंच मला कळवलं होतं.

"पट्टी कोण लावतं?" मी विचारलं.

"सेटर लावतो. साबळे."

गुरुवारी साबळेंना साप्ताहिक सुट्टी असते. मी मोशीला त्यांच्या घरी गेले. दार उघडून त्यांनी मला पाहिलं आणि आत ओरडले, "अगं, कोण आलंय बघ! पोहे टाक!" कपाटात माझी सगळी पुस्तकं, कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालून, क्रमाने लावलेली. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, बोलका माणूस. मला तो आवडला, आणि मी ज्या कामाला गेले होते ते आणखी अवघड झालं.

पोहे खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "साबळे, एक कोडं सोडवायचंय. तुमच्याकडे एका बाईची बोटं गेली ना?"

त्यांचा चेहरा बदलला. "गेली. बाईच्या चुकीनं गेली, मॅडम. वाईट झालं."

"कुठला हात आत होता?"

"उजवा."

"आणि डावा?"

"डावा बटणावर होता."

"मग उजवं बटण कोणी दाबलं?"

साबळेंनी रिकाम्या बशीकडे पाहिलं. त्यांची बायको पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. ते म्हणाले, "पुस्तकात बरं वाटतं हे असलं."

"पुस्तकात तुम्ही माझी चूक पंधरा दिवसांत पकडली होती."

"सगळीकडं लावतात, मॅडम. मी नाही लावली तर दुसरा लावतो. टार्गेट वरून येतं, आणि लावलेली वरच्यांना दिसत नाही का? दिसते. ते हातमोज्याकडं बघून पुढं जातात." मग एकदम हात जोडून म्हणाले, "मुलीचं लग्न ठरलंय माझ्या. मला यात घेऊ नका."

मी उठले. त्यांनी दारापर्यंत सोडायलाही यायचं नाही असं ठरवलेलं दिसलं. घरी परतताना बसमध्ये मला राग आला होता, पण साबळेंचा कमी आणि माझ्या त्या सुवाच्य अक्षरातल्या उत्तराचा जास्त. मी चौकशीच्या कार्यालयात जाऊन लिहून दिलं की यंत्राबद्दल माझं ज्ञान शून्य आहे, माझं उत्तर पुरावा मानू नये. तिथल्या अधिकारी बाईंनी ते घेतलं आणि सरळ सांगितलं, "मॅडम, तुमचं पत्र मी बाजूला ठेवते. पण पट्टी होती, हे सांगणारा शॉपमधला कोणीतरी पाहिजे. माझ्यासमोर एकटी छाया आहे."

इकडे वाल्हेकर वेगळ्याच काळजीत पडले. छायाच्या कंपनीची लेबलं आणि टॅग तेच छापत. तिथल्या एका साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं आणि अगदी गोड बोलले. आमच्या कामगारांना तुमच्या लेखिकेची पुस्तकं फार आवडतात. सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना एकेक प्रत भेट द्यायचा विचार आहे. तेवढी ती तांत्रिक चूक मात्र दुरुस्त करून घ्या, कामगारांत चुकीचा संदेश जायला नको.

वाल्हेकर माझ्याकडे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. "मॅडम, तुमीच म्हनला व्हता ना, चूक हाय, सुधारायची हाय म्हनून? मंग करून टाका की. एका पानाचं तर हाय."

"वाल्हेकर, ते पान बदलणार असाल तर पुस्तकावरचं माझं नाव काढा."

"आता हे काय बोलनं झालं?"

मी त्यांना अहवाल वाचून दाखवला. मग पान एकशे बारा वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत माझं लिहिलेलं त्यांनी ऐकलं ते पहिल्यांदाच. शेवटी मी म्हटलं, "कोणीतरी 'दुर्दैवी' म्हणतं, कोणी 'निष्काळजीपणा' म्हणतं, कोणी 'नशीब' म्हणतं, आणि फाईल बंद होते. चांगले चांगले लेखक त्या नशिबावर रडून मोठे झाले. आम्ही रहस्यकथावाले तेवढे गावंढळ. आम्ही विचारतो, त्या वेळी तिथे कोण होतं आणि त्याचे हात कुठे होते. एवढं विचारायचंही मी सोडलं, तर मग खरंच विरंगुळा उरतो." त्या समीक्षकांना द्यायचं उत्तर हेच. ते वाल्हेकरांना मिळालं, कारण त्यांना त्याची गरज जास्त होती.

वाल्हेकरांनी कानामागे खाजवलं. "त्या बाईंनी माझ्या छापखान्यात चहा घेतला डाव्या हातानं," ते म्हणाले. "सांडला थोडा. वढणीनं पुसला. मला ध्यानातून जाईना ते." मग उठून चपला घालत म्हणाले, "छापतो. लेबलं गेली तर गेली. दुसरं कायतरी छापू."

लेबलं गेलीच. पण दुसरी आवृत्ती निघाली. पान एकशे बारा मी काढलं तर नाहीच, उलट त्यात एक परिच्छेद वाढवला. खुनी आदल्या शिफ्टमध्ये येतो आणि डावं बटण तारेने आवळून बांधून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी एकच हात पुरतो. इतकं सविस्तर लिहिलं की शाळेतल्या मुलालाही समजावं. छायाला प्रत दिली. तिने वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, तार न्हाई हो. मी पट्टी सांगितली होती तुम्हाला."

"माहीत आहे," मी म्हटलं. "थांब जरा."

मी मुद्दाम चुकले होते. साबळेंच्या कपाटातली ती कव्हरं घातलेली पुस्तकं मी विसरले नव्हते. हा माणूस भीतीने गप्प बसेल, मुलीच्या लग्नासाठी गप्प बसेल, पण छापलेली चूक बघून गप्प बसणं त्याला जमणार नाही, असा माझा हिशेब होता. एका सज्जन माणसाच्या सर्वात चांगल्या सवयीला मी गळ लावला होता. हे काम अभिमानाने सांगण्यासारखं नाही. तरी पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

अकराव्या दिवशी पत्र आलं.

"मॅडम, दुसऱ्या आवृत्तीतही पान ११२ वर चूक आहे. बटण तारेने बांधत नाहीत. तार सोडायला वेळ लागतो. ऑडिटवाले आले की एका झटक्यात निघाले पाहिजे. यासाठी पत्र्याची पट्टी वाकवून बटणाच्या कडेत खोचतात आणि वर हातमोजा अडकवतात. हातमोजा ओढला की पट्टीही निघते. सोबत आकृती काढली आहे. छाया ज्या मशीनवर होती त्या मशीनवर पट्टी मी लावत होतो. अपघातानंतर हातमोजा मीच ओढला. लावायला कोणी सांगितले ती नावे मागे लिहिली आहेत. हे पत्र कुठेही दाखवावे. अशोक साबळे, सेटर, टोकन नंबर पाठीमागे."

आकृती पेन्सिलने काढलेली, मापांसकट. मी छायाला बोलावून घेतलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून वाचलं. मी म्हटलं, आधी झेरॉक्स काढून ठेवू. ती म्हणाली, "काढा. पण चौकशीच्या बाईंना हेच द्यायचं. ह्याच्यावर त्याचा हात फिरलाय." आम्ही दोघी रिक्षाने गेलो आणि ते कागद अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवले. दोन महिन्यांनी साबळेंची साक्ष झाली. त्यानंतर शॉपमधल्या चार बायकाही बोलल्या. निष्काळजीपणाचं ते वाक्य अहवालातून गेलं. छाया आता भोसरीत एका ठिकाणी तयार माल तपासते. तिने नापास केलेला तुकडा कोणी पुन्हा पास करून दाखवावा, असं ती आव्हानच देते.

साबळेंना कंपनीने प्रेसशॉपमधून काढून भंगाराच्या यार्डात टाकलं. मुलीचं लग्न झालं, पण व्याह्यांनी चार गोष्टी ऐकवल्या. मला हे छायाकडून कळलं, आणि मग मला घरात बसवेना. मी पुन्हा एका गुरुवारी मोशीला गेले. त्यांनीच दार उघडलं. मी आत न जाता उंबऱ्यावरच सांगून टाकलं, "साबळे, मला माफ करा. ती तार मी मुद्दाम लिहिली होती. तुम्ही चूक काढाल म्हणून."

साबळे हसले. "माहीत आहे की."

"कसं?"

"वीस वर्षं वाचतोय तुम्हाला, मॅडम. छायानं तुम्हाला पट्टी सांगितली असणारच. तिला ठाऊकच होती. मग तुम्ही तार का लिहिली? तेवढं पान वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. म्हटलं, बाईंनी सापळा लावलाय, आणि माझ्यासाठीच लावलाय." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. "आठ दिवस पाकीट खिशात घेऊन कामाला जात होतो. सापळा चांगला होता तुमचा. पण मी त्यात सापडलो असं कुठं लिहू नका. मी बघून पाय टाकला."